यांची तहान कुठे गेली

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टर आमच्या यांच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून यांच्या जेवणाकडे टक लावून पाहत होते. मला मनातून राग येत होता. कित्येक दिवसांनी माणसाच्या पोटात धड घास चालला होता, आणि हा एवढा शिकलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात डोळे घालून उभा!

ताटात भात होता, लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण होतं आणि लाल मिरच्यांचा ठेचा होता. ठेचा डॉक्टरांनीच मागवला होता. "चांगला झणझणीत करा," असं सकाळी सांगून गेले होते. आजाऱ्याला कुणी ठेचा देतं का? पण मी धर्मशाळेच्या चुलीवर करून आणला. यांच्या कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, डोळे भरले. हाताशी गार पाण्याचा तांब्या होता. यांचा हात एकदाही तिकडे गेला नाही. भात संपला तेव्हा यांनी तो तांब्या उचलला आणि त्यातल्या पाण्याने हात धुतला.

"तिखट होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"भल्लाच तिखट होता जी."

"मग पाणी का नाही प्यायलात?"

यांनी तांब्याकडे पाहिलं. "मनातच नाई आलं," म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, आजार सापडला. यांना तहान लागत नाही."

मी हसले. खरंच हसले, तोंडाला पदर लावून. वैशाख सुरू होता, चांद्याचं ऊन, भिंतीला हात लावला तर चटका बसे, आणि म्हणे या माणसाला तहान लागत नाही. पण डॉक्टर हसत नव्हते. मग माझंही हसू जिरलं.

हे सगळं लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की असं दुसऱ्या कुणाच्या घरी झालं तर माझ्यासारखं तिने हसत बसू नये. ताप दिसतो, जखम दिसते. न लागलेली तहान कुणाला दिसणार?

आमचे हे जंगल खात्यात नाकेदार, म्हणजे जंगलाचे राखणदार. आम्ही मूळचे मूल गावाकडचे, कुणब्याचे. पण नोकरीने आम्हाला भामरागडच्या अलीकडे, माडिया लोकांच्या गावांमध्ये नेऊन टाकलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आम्हाला हे राज्य काय आणि ते काय, दोन्ही सारखीच लांब. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. हे बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या फेरीवर, निघाले की दोन-दोन, तीन-तीन दिवस घरी येत नसत.

थंडीत सागाच्या कूपात, म्हणजे तोडीच्या पट्ट्यात, झाडांवर हातोड्याच्या खुणा करायचं काम चालू होतं. तोडीच्या एका झाडाची अडकलेली फांदी सुटली आणि यांच्या डोक्यात बसली. लालसूने यांना पाठीवर घालून घरी आणलं. लालसू हा त्याच भागातला माडिया, कूपावर मजुरी करणारा. यांना शुद्ध आली तेव्हा पहिला प्रश्न, "हातोडा कुठी हाये?" मी म्हटलं, चला, डोकं शाबूत आहे. जखम भरली, खपली पडली, आम्ही विसरूनही गेलो.

पण डोक्याच्या आत काय मोडलं ते खपलीला काय माहीत.

फाल्गुनात हे चिडायला लागले. मुळात माणूस गरीब गाय. तो आता वरणात मीठ कमी म्हणून वाटी भिरकावू लागला. पायांत गोळे येत. चालता चालता मटकन खाली बसत. जीभ लाकडासारखी, ओठ फाटलेले. चैत्रात एकदा पडवीत बसून अंगणात नसलेल्या माणसाशी बोलले. मी घाबरून गावातल्या पुजाऱ्याला बोलावलं, त्याने कोंबडं मागितलं, मी दिलं. आलापल्लीच्या कंपाउंडरकडे नेलं. "उन्हाची लू लागली," तो म्हणाला. कैरीचं पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवला. पन्ह्याने दोन दिवस बरं वाटलं. वाटणारच, त्यात पाणी होतं! पण हे आम्हाला कुठे कळत होतं?

वैशाखात एके दुपारी हे उठेचनात. मला ओळखेनात. लालसूने आणि आणखी तिघांनी बाजेवर घालून आलापल्लीपर्यंत नेलं. तिथून लाकडाचा ट्रक, आष्टीला वैनगंगेच्या कोरड्या वाळूतून, मग चांदा. सगळा रस्ता मी यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की हा माणूस गेला तर मी या जंगलातून एकटी परत कशी जाऊ. माणूस अशा वेळी स्वतःचाच विचार करतो, उगाच खोटं कशाला बोला.

दवाखान्यात रक्त घेतलं, लघवी घेतली. लघवी चहासारखी गडद आणि तीही थेंबभर. डॉक्टर म्हणाले डिहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी आटणं. रक्तात मीठ दाटून आलं होतं, जसं उन्हात ठेवलेल्या मिठाच्या पाण्याचं होतं.

मी लगेच तांब्या उचलला. डॉक्टरांनी माझा हात धरला. "एकदम नाही. हळूहळू. मीठ साचायला दिवस लागलेत, उतरायलाही दिवस लागतील. घाईने पाजलं तर मेंदू सुजेल."

ते दिवस मला अजून आठवतात आणि अंगावर काटा येतो. नवऱ्याची जीभ समोर भेगाळलेली, कोपऱ्यात पाण्याचा माठ भरलेला, आणि मला सांगतात चमच्याने पाज. शिरेतून बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरायचं. मी त्या थेंबाकडे बघायची, मग व्हरांड्यात जायची, मग परत यायची, आणि थेंब तिथेच. एका जागी मला बसवेना. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने शेवटी मला म्हटलं, "बाई व, तू बसत काऊन नाई? तुले पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली."

हे शुद्धीवर आले. मला नावाने हाक मारली. मग भूक लागली म्हणाले. भूक लागली, तहान नाही. तिथेच डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेचा मागवला.

आजार सापडल्यावर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मी समोर, आणि ट्रकमधून आमच्यासोबत आलेला लालसू दारात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो, बोराएवढा म्हणा. तो रक्ताची चव घेत बसतो. रक्त जरा खारट झालं की तो म्हणतो, पाणी प्या. ते म्हणणं म्हणजेच आपली तहान. घशाला कोरड पडते ती नुसती बाहेरची खूण.

"आणि जेवताना तर गंमत असते," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घास खाता आणि मधेच घोट घेता, तेव्हा अंगातलं पाणी काही आटलेलं नसतं. जेवणातलं मीठ अजून रक्तात पोचलेलंही नसतं. तरी मेंदू आधीच ओळखतो की हे येणार, आणि पाणी मागवून ठेवतो. आणि पाणी रक्तात मुरायच्या आधीच, दोन-चार घोटांत, पुरे म्हणतो. दोन्हीकडचा अंदाज त्याला आधी येतो. तो कसा, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण यांच्या डोक्याला मार लागला तेव्हा तो सांगणारा गेला."

मग त्यांनी मला विचारलं, "पण बाई, इतके महिने घरात कुणाला दिसलं नाही? हे पाणी पीत नव्हते?"

"पेत होते ना!" मी म्हटलं. "जेवताना नाई पेत, ते मले माहीत होतं. सासूबाई सांगत, जेवणावर पाणी पेलं तं पोटातला अग्नी विझते. पण हे जंगलात पेत. पाण्याचा तुंबा भरून नेत, अन् भरून आणत. मले वाटे, घरचं पाणी सरलं, नाल्यावर भरून घेतला."

डॉक्टर लालसूकडे वळले. "गावात पीत होते?"

लालसूने मान हलवली. "नाकेदार आमच्या इथलं पाणी कधीच पेत नाई जी. आमाले वाटे घरी पेत असन."

झालं. मी म्हणे जंगलात पितात, गावं म्हणत घरी पितात, आणि तुंबा भरलेलाच जंगलात जाऊन भरलेलाच परत येत होता. आमच्या जातीत माडियांच्या हातचं पाणी चालत नसे. गावातल्या बायकांना ते ठाऊक होतं, म्हणून त्या यांना विचारतच नसत. दुसरा कुठलाही माणूस दिवसभर पाण्याला शिवला नसता तर कुणीतरी म्हणालं असतं, अरे, याला काय झालं? यांच्या बाबतीत कुणालाच नवल वाटलं नाही. नाकेदार पाणी पीत नाही, यात नवीन काय?

औषध काय, विचारलं तर डॉक्टरांनी तांब्याकडे बोट केलं. तहान परत आणणारं औषध नव्हतं. "तहान लागायची वाट पाहायची नाही. ती येणार नाही. जेवणाआधी, जेवताना, जेवणानंतर प्यायचं. मधेमधे प्यायचं. लघवी पिवळी झाली की समजायचं, चुकलं. आणि एक लक्षात ठेवा, यांची भूक शाबूत आहे. भुकेच्या पाठीवर बसवून पाणी आत पाठवा."

ऐकायला किती सोपं! घरी आल्यावर कळलं. तहान नसताना पाणी पिणं म्हणजे पंगतीत पोट भरल्यावर आणखी वाढून घेणं. हे घोट तोंडात घेत आणि फिरवत बसत. मी डोक्यावर उभी.

"पेता का नाई?"

"पेतो ना व. कायले उरावर बसून राह्यली?"

मी मग भुकेची युक्ती लढवली. पातळ वरण, ताक, तांदळाची पेज, आंबील. भाजीत एवढा रस की हे म्हणाले, "वांगे पोहून राह्यले का बुडून राह्यले, तेच समजत नाई." पण खात. घरात असले की तब्येत ठीक राही.

प्रश्न बीटचा होता. वणव्याचे दिवस होते, रजा संपली. बसून करायचं काम मागितलं तर रेंजर साहेब म्हणाले, तशी जागा नाही. आणि यांचंही म्हणणं, "मी का म्हातारा हाय?" निघाले. तुंबा मी भरून दिला, गळ्याची शपथ घातली. परत आले तेव्हा तुंबा रिकामा. मी देवाला नारळ बोलले.

पुढच्या खेपेलाही रिकामा. त्याच्या पुढच्या खेपेला हे पडवीची पायरी चढताना कोलमडले, आणि जीभ पुन्हा लाकडासारखी. तेव्हा कबूल केलं. घरी येताना नाल्यावर तुंबा ओतून देत होते.

"तुले बरं वाटे म्हणून," म्हणाले. "जंगलात ध्यानातच राह्यत नाई व. अन् ध्यानात आलं तं मन होत नाई. तू तिथी नसते ना उरावर."

मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती. यांना पेज पाजली, निजवलं, आणि अंगणात फेऱ्या घालत राहिले. मी रोज यांच्यामागे जंगलात जाऊ शकत नव्हते. मग यांच्या वाटेवर कोण असतं? हे रोज कुणाच्या दारावरून जातात?

हे सावरल्यावर मी लालसूला म्हटलं, "मले बीटवरच्या गावांत ने." तो बघतच राहिला. नाकेदाराची बायको पायी कुठे जाते का! पण नेलं. ऊन असं होतं की पायाखालचा पाला कुरकुर वाजत होता. मी पाणी घेतलं नव्हतं, घाईत विसरले होते. बघा, मीही.

पहिल्या गावात लालसूची मोठी बहीण राहत होती, चैते. झोपडीपुढे मोहाची साठवलेली फुलं पावसाआधी पुन्हा वाळत घातलेली, ती काठीने परतत होती. आणखी दोघी-तिघी जमल्या. मी सांगितलं. लालसू त्यांच्या बोलीत समजावत होता. डोक्याला मार लागल्यापासून यांना तहान लागत नाही. पाणी पोटात गेलं नाही तर हे मरतील. तुमच्या गावात आले की पाणी द्या. प्यायल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चैते मराठी बोलायची. ती म्हणाली, "देऊ ना. कायले नाई देऊ? पण आमचं पाणी ते पेतीन का?"

मी म्हटलं, "पेतीन. मी सांगतो त्यायले."

चैते आत गेली. पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन आली, पाण्याने काठोकाठ भरलेला, आणि तो माझ्यापुढे धरला. "पहिले तू पे, बाई."

ती टोमणा मारत नव्हती. तिला नुसतं कळून घ्यायचं होतं. मी त्या द्रोणाकडे पाहिलं. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, माझ्या आईचा आला. पण माझा घसा सकाळपासून जळत होता. मी द्रोण घेतला आणि एका दमात प्यायले. मग दुसरा मागितला. पाणी गार होतं, त्याला पानाचा वास होता. बायका हसल्या, मीही हसले.

परत येताना मात्र एक गोष्ट डोक्यात घुसली आणि चैन पडेना. मला तहान होती, म्हणून मला ते जमलं. तहानेने जीव कासावीस झाला की माणूस कुणाचाही हात धरतो, आणि नंतर म्हणायला मोकळा, की काय करू, जिवावर बेतलं होतं. यांना ती सवलतही नव्हती. यांना तहान नसताना, कुठलीही सबब नसताना, नुसतं कुणी दिलं म्हणून प्यायचं होतं.

घरी सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून बसले. "तू पेली?"

"हाव. दोन द्रोण."

"मूलमधी समजलं तं?"

"तं विधवेले हळदीकुंकवाले कोणी बोलावत नाई, ते आधी समजन," मी म्हटलं. जास्तच बोलले असेन.

पुढच्या बीटला मी सोबत गेले, चैतेच्या गावापर्यंत. हे पुढे, मी मागे. दारात येताच चैते उठली. आत जाऊन द्रोण आणला. हे उभे. मी यांचं तोंड बघत होते. चेहऱ्यावर तहानेचं नावनिशाण नव्हतं; जेवून उठलेल्या माणसाचा असावा तसा तो चेहरा. मोहाच्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या. चैतेचा हात पुढे तसाच, आणि द्रोणातून थेंब गळत होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, नको.

"तुले तहान नाई, मले माहीत हाय," चैते म्हणाली. "तरी पे, भाऊ."

यांनी टोपी काढली. दोन्ही हातांनी द्रोण घेतला आणि प्यायले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग खाली बसले, आणि डोळे पुसले. ठेच्याचं पाणी नव्हतं ते.

मूलला यथावकाश कळलं. एका लग्नात आम्हाला पंगतीच्या कडेला बसवलं. हे पातळ वरण मागून मागून प्यायले आणि कुणाशी भांडले नाहीत. मला मात्र भांडावंसं वाटत होतं.

ज्यांच्या घरी असा माणूस असेल, त्यांना एवढंच सांगते. त्याला ओरडू नका, तो हट्टी नाही. ताट वाढाल तेव्हा तांब्याकडे बघा, भरला होता किती आणि राहिला किती. आणि एकट्याने राखण करायला जाऊ नका, वेड लागेल. वाटेवरच्या लोकांना सांगून ठेवा, मग ते कुणीही असोत. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांनी फक्त आजार सांगितला. माझं कुंकू राखलं ते त्या दारांनी.

अजून यांना तहान लागत नाही. आता हे गावात शिरले की पोरं लांबूनच आरडतात, "नाकेदार आला, पाणी आणा!" घराघरांतून बायका द्रोण घेऊन बाहेर येतात. परवा हे बीटवरून आले, तुंबा खुंटीला अडकवला. मी नेहमीसारखा तांब्या पुढे केला तर म्हणाले, "ठेव व. सकाळपासून साऱ्या गावानं पाजलं."

मी तुंबा हलवून पाहिला. भरलेलाच होता. आणि त्या दिवशी मी जाऊन स्वस्थ बसले.